प्राणवायूची मात्रा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर मराठ्यांचा इतिहास झाला, संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले. त्याच जागी सरकारी दवाखान्यातल्या एका फार्मासिस्टने उभे राहून ऑक्सिजनवर बोलावे हे जरा विचित्रच वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो. कार्यकारिणीच्या बैठकीत असा ठराव आला होता की वर्गणीतून उरलेल्या रकमेत मंडळाने दोन ऑक्सिजन सिलिंडर आणि एक कॉन्सन्ट्रेटर घ्यावा, तो कार्यालयात ठेवावा, आणि रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर कार्यकर्त्यांनी नेऊन लगेच लावावा. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण आम्ही विरोध केला. आवाज जरा चढला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, इथे वाद घालण्यापेक्षा सर्वांसमोर काय ते सांगा. म्हणून आज हा विषय.

आणखी एक खुलासा. आम्ही डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकमधून फार्मसीची पदविका घेतली आणि पुढची वीसेक वर्षे औषध भांडारात गेली. पण ऑक्सिजन हा आमच्याच खात्यातला माल आहे. कायद्याने तो औषध आहे, औषधांच्या आवश्यक यादीत त्याचे नाव आहे, आणि त्याची आवक-जावक आम्हीच नोंदवतो. औषध म्हटले की मात्रा आली. पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून किती घ्यायची हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, पण ऑक्सिजन किती लिटरने लावायचा हे विचारणारा माणूस आम्हाला वर्षात एखादाच भेटतो. बाकी सगळे एवढेच विचारतात, लावला का?

आमच्या मते अर्धा गोंधळ नावाने केला आहे. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. आपल्याकडे प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पंचप्राण आधीपासून होतेच. त्यांतल्या पहिल्याचे नाव या वायूला चिकटले आणि तो औषध राहिला नाही, प्राणच झाला. प्राण जास्त दिल्याने कधी कुणाचे बिघडेल का? बिघडते, आणि ते आमच्याच घरी बिघडले.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमचे थोरले काका, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, पहाटे साडेतीनला उठून बसले. छातीत जडपणा, डावा खांदा भरून आलेला, कपाळावर घाम. ग्वाल्हेरची जानेवारीची पहाट, बाहेर हात दिसू नये असे धुके. घरात 2021 सालचा कॉन्सन्ट्रेटर होता, तेव्हा धडपड करून मिळवलेला आणि नंतर चादर घालून कोपऱ्यात ठेवलेला. तो आम्ही ओढून काढला, नाकाला नळी लावली आणि गोळी पाच लिटरवर नेली. बोटाला ऑक्सिमीटर लावला. लावण्यापूर्वी 97 होता, लावल्यावर 99 झाला. सगळ्यांना हायसे वाटले. अण्णा म्हणाले, जरा बरे वाटते आहे, उजाडले की जाऊ. काकूंनी चहा केला. आणि आम्ही, ज्यांनी वीस वर्षे औषधांत काढली, ते 99 आकड्याकडे बघत बसून राहिलो. दीड तास गेला. मग उलटी झाली तेव्हा गाडी काढली.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढताच डॉक्टरांनी विचारले, कधीपासून दुखते आहे? उत्तर द्यायला आमची जीभ उचलेना. बंद झालेली रक्तवाहिनी त्यांनी उघडली, अण्णा वाचले. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या दीड तासात मेला, तो मेला. आता अण्णांना जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावे लागते. अण्णा आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. नुकसान मुख्यतः उशिराने झाले. पण तो उशीर करण्याचे धैर्य आम्हाला त्या यंत्राने दिले, हेही तितकेच खरे.

पुढे आम्ही याविषयी डॉक्टरांना विचारले, जमेल तेवढे वाचले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. फुप्फुसातून तो रक्तात जातो आणि तिथे तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन त्याला उचलते. आपली जुनी छोट्या रुळांची गाडी आठवा, ग्वाल्हेरहून श्योपुरला जायची ती. आता ती बंद झाली, पण इथले पन्नाशीपुढचे सगळे तिच्यात बसलेले आहेत. डब्यात शंभर जागा, आणि निरोगी माणसात साध्या हवेवरच त्यांतल्या 97-98 भरलेल्या. ऑक्सिमीटर जो आकडा दाखवतो तो हाच, भरलेल्या जागांचा. आता स्टेशनवर तुम्ही कितीही माणसे आणून उभी करा, डब्यात आणखी दोघे-तिघेच बसणार. बाकीचे टपावर चढणार. रक्तातही तसेच होते, जास्तीचा ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात विरघळतो, पण फार थोडा.

हिशेब करून बघू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन उचलते. हिमोग्लोबिन 15 असेल तर 100 मिलिलिटर रक्तात साधारण 20 मिलिलिटर ऑक्सिजन झाला. साध्या हवेवर त्यातला विरघळलेला भाग जेमतेम 0.3. आणि शुद्ध, शंभर टक्के ऑक्सिजन हुंगवला तर तो विरघळलेला भाग फार तर 2 पर्यंत जातो. म्हणजे 20 चे झाले 22. हवेतला ऑक्सिजन जवळजवळ पाचपट केला आणि रक्तात वाढ झाली दहा टक्क्यांच्या आसपास. फुप्फुसे चांगली असलेल्या माणसाची ही गोष्ट. न्यूमोनियात डब्यातल्या जागाच रिकाम्या असतात, तिथे हिशेब निराळा, त्याकडे नंतर येऊ.

एवढेच असते तर आम्ही म्हटले असते, दहा तर दहा, मिळतात ते घ्या. पण ऑक्सिजन नुसता गाडीत बसून जात नाही, तो रस्त्यालाही हुकूम देतो. बाळ जन्मल्यावर पहिला श्वास घेते तेव्हा काय होते पाहा. पोटात असताना बाळाच्या हृदयापाशी एक जोडनळी उघडी असते, फुप्फुसाला वळसा घालून रक्त नेणारी. श्वासाबरोबर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, ती नळी आक्रसू लागते आणि एक-दोन दिवसांत मिटते, तर फुप्फुसाच्या वाहिन्या उलट खुलतात. एकाच वायूने एक रस्ता बंद केला आणि दुसरा उघडला. मोठेपणीही हा गुण जात नाही. फुप्फुसाबाहेर, शरीराच्या इतर भागांत, रक्तातला ऑक्सिजन गरजेपेक्षा वाढला की बारीक धमन्या आक्रसतात. पाटाला पाणी जास्त आले तर शेतकरी बारे अर्धे बंद करतो, तसेच. पेशी म्हणतात, आम्हाला पुरे झाले.

याचा परिणाम मोजलेला आहे. शुद्ध ऑक्सिजनवर नाडी थोडी मंदावते, धमन्यांचा विरोध वाढतो, आणि हृदय मिनिटाला जेवढे रक्त बाहेर फेकते ते साधारण दहा टक्क्यांपर्यंत कमी होते. मेंदूकडे जाणारे रक्तही थोडे घटते. आणि हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या, ज्यांना आपण कोरोनरी म्हणतो, त्यांच्यातला प्रवाह? वेगवेगळे प्रयोग एकत्र तपासून 2009 साली जो आढावा निघाला त्यात ही घट 8 पासून 29 टक्क्यांपर्यंत आढळली.

हृदयाच्या बाबतीत हे जास्त लागते, त्याचे कारण असे. शरीराचे बाकीचे भाग रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला परत पाठवतात. गरज वाढली तर त्या परतीच्या मालातून आणखी काढता येतो. हृदयाचा स्नायू मात्र पहिल्यापासूनच सत्तर टक्क्यांच्या वर काढून घेतो. त्याच्यापाशी शिल्लक नाही. त्याला जास्त हवा तर रक्तच जास्त यायला हवे, आणि इथे तर रक्त कमी येते. 20 चे 22 झाले खरे, पण गाड्याच पाचांतली एक रद्द झाली तर पोचले किती? साडेसतरा. निरोगी हृदयाला हे बाधत नाही, त्याचे भागते. ज्याची एक वाहिनी गाठीने बंद झाली आहे आणि भोवतालचा स्नायू शेजारच्या बारीक वाहिन्यांवर कसाबसा तग धरून आहे, त्याच्यासाठी मात्र हा हिशेब महत्त्वाचा आहे.

धमन्या का आक्रसतात याचे एक कारण आम्हा औषधवाल्यांना फार गमतीचे वाटते. धमनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते आणि त्याने धमनी सैल राहते. या शोधाला 1998 सालचे नोबेल मिळाले. ऑक्सिजन फार झाला की त्यापासून काही आक्रमक कण तयार होतात आणि ते हा वायू नष्ट करतात. आता गंमत बघा. छातीत दुखणाऱ्याच्या जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती शरीरात जाऊन हेच नायट्रिक ऑक्साइड देते. म्हणजे एका हाताने गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसायचा, असे आपण करत होतो. आपण म्हणजे सारे जग. ही चूक फक्त आमच्या घरातली नव्हे.

1774 साली इंग्लंडात जोसेफ प्रिस्टली याने पाऱ्याची तांबडी भस्म भिंगाच्या उन्हाने तापवून हा वायू मिळवला. स्वीडनच्या शीलला तो त्याआधीच सापडला होता, पण त्याचे पुस्तक उशिरा निघाले. प्रिस्टलीने त्यात उंदीर ठेवून पाहिला, स्वतः हुंगून पाहिला, छाती हलकी झाल्यासारखे वाटले. आणि त्याच माणसाच्या मनात त्याच वेळी शंका आली की या हवेत मेणबत्ती भराभरा जळून संपते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर जळून जाईल की काय. आजाऱ्याला ठीक, धडधाकटाला नको, असा त्याचा कल होता. पहिल्याच दिवसांतली ही सावधगिरी पुढे सगळे विसरले. 1900 साली एका इंग्रज डॉक्टरने हृदयशूळाच्या रोग्याला ऑक्सिजनने आराम पडल्याचे छापले, आणि तिथून पुढे शतकभर हृदयविकार म्हणजे तोंडावर मास्क हे ठरून गेले. सिनेमातही तसेच दाखवत आले. कुणाला तपासावेसे वाटले नाही, कारण प्राण देणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

1976 साली ब्रिटनमध्ये दोन डॉक्टरांनी घेतली. हृदयविकाराच्या निम्म्या रोग्यांना मास्कमधून ऑक्सिजन, निम्म्यांना तशाच मास्कमधून साधी हवा, आणि कुणाला काय चालू आहे हे रोग्यालाही ठाऊक नाही. ऑक्सिजनवाल्या 80 पैकी 9 दगावले, हवेवाल्या 77 पैकी 3. आकडे लहान होते, योगायोगही असू शकेल असे संख्याशास्त्राने सांगितले, आणि कागद कपाटात गेला. जवळजवळ चाळीस वर्षे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात 441 रोग्यांवर पुन्हा पाहिले. ज्यांची पातळी मुळात चांगली होती, त्यांना आठ लिटरने ऑक्सिजन दिल्यावर दवाखान्यात असतानाच पुन्हा झटका येण्याचे प्रमाण 5.5 टक्के निघाले, न दिलेल्यांत 0.9. सहा महिन्यांनी पाहिले तर हृदयावरचा व्रणही मोठा.

पण आम्हाला एकाच बाजूचे सांगायचे नाही. 2017 मध्ये स्वीडनने 6629 लोकांवर याहून फार मोठी चाचणी केली. तीत वर्षभरातले मृत्यू ऑक्सिजन दिलेल्यांत 5.0 टक्के आणि न दिलेल्यांत 5.1 टक्के. म्हणजे अपाय दिसला नाही, उपायही दिसला नाही. आमचे मत विचाराल तर या दोन्हींचा मिळून अर्थ असा की पातळी 90 च्या वर असलेल्या हृदयरोग्याला ऑक्सिजन लावण्यात वेळ घालवणे म्हणजे वेळ घालवणेच. त्याच वर्षी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनीही नियम बदलला, पातळी 90 च्या खाली असेल तरच द्या. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर आता हेच पाळतात. मग बाहेर नातेवाईक चिडतात, पेशंटला साधा ऑक्सिजनसुद्धा लावला नाही म्हणून. औषध भांडाराच्या खिडकीवर ही तक्रार आम्ही शेकडो वेळा ऐकली आहे.

हृदयाव्यतिरिक्त एकच दाखला देतो, कारण तो फार दुःखाचा आहे. 1940 नंतरच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत अपुऱ्या दिवसांची बाळे वाचवण्यासाठी त्यांना पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन देत. बाळे वाचली आणि हजारोंनी आंधळी झाली, सुमारे दहा हजार. जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याच्या कोवळ्या वाहिन्या आधी आक्रसल्या आणि मग वेड्यावाकड्या वाढल्या. 1951 साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले. जिथे सोय जास्त, तिथेच अंधत्व जास्त.

आता उलट बाजू. हे ऐकून कुणी म्हणेल, ऑक्सिजन वाईटच. तसे मुळीच नाही, आणि तसे समजून घरी गेलात तर आमचे आजचे बोलणे घातक ठरेल. आपल्या गावात त्याची सगळ्यांत कडक मात्रा लागते ती सिगडीच्या केसमध्ये. डिसेंबर-जानेवारीत दारे-खिडक्या लावून, खोलीत कोळशाची सिगडी ठेवून लोक झोपतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डब्यातल्या जागा उपऱ्यांनी बळकावल्या, असे समजा. आणि इथे बोटावरचा ऑक्सिमीटर शुद्ध खोटे बोलतो. त्याला तांबड्या आणि अदृश्य अशा दोन प्रकाशांनी जागा भरलेली दिसते, आत कोण बसले आहे ते कळत नाही. माणूस मरणाच्या दारात आणि आकडा 98. साध्या हवेवर हे विष अर्धे उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. तिथे मास्क घट्ट बसवून पूर्ण प्रवाहाने द्यायचा, आकडा बघत बसायचे नाही. अर्थात आधी माणसाला खोलीबाहेर काढायचे आणि गाडी बोलवायची. बुडालेला, मोठा रक्तस्राव झालेला, श्वास थांबलेला माणूस, यांनाही दवाखान्यात हात राखून देत नाहीत.

तिसरा प्रकार आपल्या भागात फार दिसतो. दगडाच्या खाणीत उमेद घालवलेले कामगार, आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाया. यांची फुप्फुसे जुनी, खराब झालेली. त्यांच्यासाठी 98 हे ध्येयच नाही, 88 ते 92 ठेवायचे असते. कारण पुन्हा रक्तवाहिन्याच. फुप्फुसाचा जो कोपरा बाद झाला तिथल्या वाहिन्या शरीराने शहाणपणाने मिटलेल्या असतात, म्हणजे रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळावे. भसाभसा ऑक्सिजन दिला की त्या मिटलेल्या वाहिन्या उघडतात, रक्त बाद कोपऱ्यात फिरू लागते, आत कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. घरचे म्हणतात, बघा, आराम पडला, झोप लागली. टास्मानियात अँब्युलन्समधल्या 405 रोग्यांवर हे पाहिले होते. पूर्ण प्रवाहाने दिलेल्यांत मृत्यू 9 टक्के, मोजून दिलेल्यांत 4. पण यांतल्याच काहींना डॉक्टर रोज पंधरा-पंधरा तास कमी प्रवाहाचा ऑक्सिजन लिहून देतात आणि त्याने आयुष्य वाढते, फुप्फुसाच्या वाहिन्या सैल राहून हृदयाच्या उजव्या कप्प्यावरचा भार हलका राहतो. तोच वायू, तोच माणूस, फक्त लिटर वेगळे.

2021 चा एप्रिल इथे कुणीच विसरलेले नाही. या सभागृहातही त्या वर्षी गेलेल्यांचे फोटो आहेत. तेव्हा आम्ही रात्री सिलिंडर मोजत असू. मोठ्या सिलिंडरमध्ये सात हजार लिटर असतो. दोन लिटरने लावला तर अठ्ठावन्न तास, पंधरा लिटरने लावला तर आठ तासही नाही. शासनाच्या सूचनेत कोविडच्या रोग्याची पातळी 92 ते 96 ठेवा असे होते. आम्ही वॉर्डात फेरी मारायचो तर 98 असलेल्याची गोळी नातेवाइकांनी पंधरावर नेलेली. सिस्टर कमी करून जायच्या, पाठ फिरली की पुन्हा वर. त्यांना काय बोलणार? आपले माणूस समोर धापा टाकत असेल तर कुणीही ती चावी फिरवील. आम्हीही फिरवली असती. पण त्याच वेळी खाली, फाटकापाशी, 78 पातळीचा माणूस रिक्षात बसलेला असायचा, हेही आम्ही पाहत होतो. त्या आठवड्यांत आम्ही किती जणांना सिलिंडर नाही असे सांगितले ते आवक-जावक वहीत लिहिलेले नाही.

आता मंडळाच्या ठरावाकडे. सिलिंडर कार्यालयात ठेवायचा तर शेजारी काय आहे ते बघा. समया, निरांजने, कापूर, उदबत्त्या, थर्माकोलची मखर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला असा पेटवतो की पाणी टाकायलाही वेळ मिळत नाही. आणि व्हॉल्व्ह घट्ट बसला म्हणून एखाद्या कार्यकर्त्याने प्रेमाने त्याला तेलाचा थेंब लावला, तर त्या दाबाखाली ते तेल पेट घेते. दवाखान्यात आम्ही तेलकट हातांनी चावी लावू देत नाही. इथे मोदक तळून आलेले हात आहेत.

त्याऐवजी आमची सूचना अशी. दोन चांगले ऑक्सिमीटर आणि एक रक्तदाब मोजायचे यंत्र घ्या. ऑक्सिमीटर बनवण्याची मूळ कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, 1974 ची. ते 2020 च्या एप्रिलमध्ये वारले, जग नेमके बोटाला तेच यंत्र लावून बसलेले असताना. ते लावण्याआधी बोट गरम करा, थंडीत गारठलेल्या बोटावर आकडा खोटाच कमी येतो. नखाला गडद रंग नको, ताजी काळी मेंदी नको. आणि छातीत दुखत असेल तर आकडा कितीही सुंदर असो, त्याला भुलायचे नाही. ऑक्सिमीटर गाडी भरलेली आहे की नाही ते सांगतो, पुढे रूळ उखडले आहेत का हे त्याला माहीत नसते. आम्ही 99 कडे बघत बसलो ती हीच चूक.

उरलेल्या पैशांतून रात्रीच्या गाडीची व्यवस्था करा. प्रत्येक गल्लीत एक गाडीवाला आणि एक चालवणारा, नावे आणि फोन फळ्यावर लिहून. 108 ला फोन करायचाच, पण धुक्यात ती अडकली तर दुसरी सोय तयार हवी. कार्डिओग्राम रात्रीही निघतो असा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच ठरवून ठेवा. ॲस्पिरिन चावायची की नाही, हे 108 वर बोलणाऱ्याला किंवा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारा, कारण कुणाला अल्सर असतो, कुणाला रक्तस्राव होतो. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी उसनी घ्यायची नाही, बीपी कोसळते. दुखणाऱ्याला चालवत खाली आणायचे नाही, खुर्चीत बसवून उचलून आणायचे. खुर्ची उचलणारे चार जण मागे खांबापाशी उभे आहेतच.

आमच्या घरातल्या त्या कॉन्सन्ट्रेटरचे काय झाले असे काल कुणीतरी विचारले. तो आता पलीकडच्या मोहल्ल्यात एका जुन्या खाणकामगाराकडे आहे. त्याच्या डॉक्टरांनी रोज पंधरा तास, एक लिटर असे लिहून दिले आहे. त्याच्या मुलाला आम्ही फिल्टर धुवायला शिकवले, आणि प्रवाहाच्या चावीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिले, एक लिटर, बिना पूछे न घुमाएँ. महिन्यातून एकदा जाऊन आम्ही पट्टी बघून येतो. दोनदा ती सुटलेली सापडली. दोन्ही वेळा म्हाताऱ्यानेच सोडली होती, रात्री भीती वाटली म्हणून. नवी पट्टी लावली.

आरतीची वेळ झाली आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर प्रसाद वाटताना आम्ही डावीकडच्या टेबलापाशी उभे आहोत. अण्णांना आज आरतीला खुर्ची द्या, ते मागणार नाहीत.